मांडववाल्याला पैसे, खेळाडूला नारळ

परवा रविवारी सकाळी कॅलिफोर्नियाहून पुतण्याचा फोन आला. तब्येत, पाऊसपाणी, धानाचा भाव असं नेहमीचं बोलणं होईल म्हणून मी खुर्चीत रेलून बसलो, तर हा एकदम म्हणतो, "काका, इथल्या कॉलेजांनी आता खेळाडू पोरांना चक्क पैसे द्यायला सुरुवात केली. हौशी खेळ संपला म्हणायचा!"

त्याची काळजी खोटी नाही, तिच्याकडे मी येणारच आहे. पण "हौशी खेळ संपला" हे शब्द कानावर पडले आणि मी खुर्चीत सरळ झालो. कारण जवळपास हेच शब्द मी स्वतः 1983 साली एका पोराला ऐकवले होते. त्या पोराची गोष्ट पुढे सांगतो. आधी मुद्दा सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या मंडळींना (आणि आमच्या नागपूरच्या साडूंना, जे शेवटपर्यंत काही वाचत नाहीत :) ) इथूनच परत फिरता येईल. मुद्दा असा, की खेळणाऱ्या पोरांना पैसे मिळालेच पाहिजेत. चार पैसे दहा पोरांच्या हाती पडले म्हणून कुठला खेळ बुडालेला मी पाहिला नाही. सगळे पैसे एकाच पोराच्या हाती आणि तेही बाहेरून आणलेल्या पोराच्या हाती पडले, की खेळ बुडतो. तो मात्र मी डोळ्यांनी बुडताना पाहतो आहे.

पुतण्याकडून अमेरिकेची हकीकत समजून घेतली, थोडं वाचलंही. तिथे कॉलेजचं फुटबॉल आणि बास्केटबॉल म्हणजे आपल्या आयपीएलसारखा कारभार. स्टेडियम भरतं, टीव्हीचे करार होतात, प्रशिक्षकाला वर्षाला लाखो डॉलर पगार असतो. खेळणाऱ्या पोराला फी माफी आणि राहण्या-जेवणाची सोय मिळे, पण पगार म्हणून दमडी नाही. का, तर तो 'विद्यार्थी-खेळाडू'! हा शब्द कुठून आला ते वाचून मला नवल वाटलं. 1955 साली एक पोरगा सामन्यात डोक्याला मार लागून मेला, त्याच्या विधवेनं कामगाराला मिळते तशी भरपाई मागितली. असे दावे उद्या गळ्यात पडू नयेत म्हणून कॉलेज खेळांच्या शिखर संस्थेनं हा शब्द घडवला आणि सगळीकडे रुळवला. हे कुणा विरोधकानं केलेले आरोप नाहीत. त्या संस्थेचे त्या काळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच नंतर आपल्या पुस्तकात तसं लिहून ठेवलं आहे. ती बाई दावा हरली.

2021 च्या जुलैपासून पोरांना जाहिरातींतून कमावायची मुभा मिळाली. मग 6 जून 2025 रोजी न्यायालयानं एका मोठ्या तडजोडीला मान्यता दिली आणि 1 जुलैपासून कॉलेजं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी एका कॉलेजला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरची मर्यादा आहे. आपल्या हिशेबात पावणेदोनशे कोटी रुपये होतात! आकडा ऐकून मी चष्मा पुसला.

आता हे सगळं भंडारा जिल्ह्यात बसलेल्या निवृत्त मास्तरानं कशाला उगाळायचं? सांगतो.

दिवाळी झाली की आमच्या भंडारा-गोंदियाकडे गावोगाव मंडई भरते. दंडार, खडी गंमत, रात्रभर नाटक, आणि थंडी पडली की कबड्डीचे सामने. विजेच्या झोतात, मध्यरात्रीपर्यंत. आमच्या लहानपणी याला हुतूतू म्हणत आणि शेणानं सारवलेल्या खळ्यात तो चाले. आता मॅट आली, स्पीकरच्या भिंती आल्या. अशा सामन्यांच्या समितीत मी बरीच वर्षं होतो, हिशेबाची वही माझ्याकडे असे, म्हणून अधिकारानं लिहितो. मांडववाल्याला पैसे. लाइटवाल्याला पैसे. जनरेटरच्या डिझेलला पैसे. निवेदकाला पैसे, आणि ते योग्यच, तो बिचारा घसा फाडतो. पंचांना मानधन. पाहुण्यांच्या हारांना, शालींना पैसे. आणि ज्याला बघायला दोन हजार माणसं थंडीत कुडकुडत बसतात, त्याला? तो हौशी! उलट त्याच्याच संघाकडून आम्ही प्रवेश फी घेत होतो. पहिल्या फेरीत हरला तर नारळ आणि टाळ्या घेऊन तो रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या मोटरसायकलवर बसून घरी. गुडघा फिरला तर हळद लावायला त्याची आई आहेच.

हौशी म्हणजे काय, याचा मी या वयात नव्यानं विचार करतो आहे. आमच्या पिढीला या शब्दाचा मोठा अभिमान. मी बी.ए.ला असताना कॉलेजच्या संघातून खेळलो, पैशाचा विचार मनाला शिवला नाही, वगैरे वगैरे. शिवणार कसा? माझे वडील मास्तर होते, पगार पहिल्या आठवड्यात घरी यायचा. आमच्या त्या संघात मजुराच्या घरचं पोर एकच होतं. चपळ होतं, आमच्या सगळ्यांपेक्षा. दुसऱ्या वर्षी ते दिसलं नाही आणि आम्ही कुणी विचारलंही नाही. भरल्या पोटाला हौस असते, मंडळी. रिकाम्या पोटाच्या पोराला आपण 'हौशी' म्हणतो तेव्हा आपण त्याच्याकडून फुकट राबवून घेत असतो.

1912 च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकणारा जिम थॉर्प अमेरिकेतल्या आदिवासी समाजातला. त्यानं पूर्वी सुट्टीत बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते असं निघालं आणि पुढच्याच वर्षी पदकं काढून घेतली. त्याला पूर्ण मान परत मिळायला 2022 साल उजाडलं. तो गेला 1953 मध्येच.

एवढं लांब कशाला, आपले खाशाबा जाधव घ्या. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. म्हणजे अगदी 'कॉलेज खेळाडू'च. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली आणि त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ही गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितली, प्राचार्यांच्या त्यागापाशी माझा आवाज हटकून जड व्हायचा. पण गोष्टीचं पुढचं पान मी कधी सांगितलं नाही. परत आल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड लावले, त्यांत स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. म्हणजे आपला पहिला 'हौशी' ऑलिंपिकवीर कर्ज फेडायला पैशासाठी कुस्ती खेळला! त्यात कमीपणा त्यांचा नाही. देशाचा आहे. अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला तो 1984 मध्ये अपघाती मृत्यू झाल्यावर कितीतरी वर्षांनी.

आता माझी गोष्ट.

मी मराठीचा मास्तर. पण आमच्या शाळेत क्रीडाशिक्षक नव्हता म्हणून कबड्डीचा संघ माझ्या गळ्यात होता. तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा झाला नव्हता (तो 1 मे 1999 ला झाला), त्यामुळे जिल्हा स्पर्धा म्हणजे इकडे पवनीपासून तिकडे सालेकसा-देवरीपर्यंतची पोरं. त्या वर्षी माझ्याकडे दहावीत एक पोरगा होता. वैनगंगेच्या काठचा, ढिवराच्या घरचा. डोंग्यातून जाळं ओढून ओढून दंड असे झालेले की पकडणारे तिघे असले तरी हा रेषेला हात लावून परत. जिल्हा आम्ही मारणार यात मला शंका नव्हती.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी कळलं, की हा शेजारच्या तालुक्यातल्या एका गावाकडून पैसे घेऊन मंडईत खेळला. तीस रुपये आणि जेवण. मी त्याला सगळ्या वर्गासमोर उभं केलं.

"गुरुजी, मायले दवाई आनाची होती," तो म्हणाला.

"तू खेळ विकलास," मी म्हणालो. "अशानं खेळ संपतो." आणि त्याला संघातून काढलं.

दुसऱ्या फेरीत आम्ही हरलो, ते सोडा. पोरगा त्यानंतर शाळेत आला तो फक्त परीक्षेपुरता. विभागीय निवड, प्रमाणपत्र, रेल्वे किंवा पोलीस भरती, जो काही रस्ता त्या काळी खेळाडू पोराला होता, तो त्याच्यासाठी मी बंद केला. तत्त्वासाठी! माझा स्वतःचा पगार त्या महिन्यात वेळेवर झाला होता.

सात-आठ वर्षांपूर्वी तो मला बाजारात भेटला. मासोळ्या विकत होता. पाया पडला, वजनापेक्षा जास्त मासोळी पिशवीत टाकली. मी धीर करून तो विषय काढला, तीस रुपयांचा. तो हसला. "तीस नाई गुरुजी, पंचवीस होते. पाच रुपये तुमीच वाढवले." मग थोडं थांबून म्हणाला, "दवाई आली होती त्याच्यात." माझ्यापाशी बोलायला काही नव्हतं. पैसे घ्यायला तो तयार होईना, ते त्याच्या गल्ल्यावर ठेवून मी निघालो.

म्हणून कुणी "पैसा आला की खेळ संपतो" म्हटलं, की मला आधी ती दवाई आठवते.

पण आता दुसरी बाजू. ती लपवली तर मी लबाड ठरेन.

आमचे एक स्नेही, निवृत्त क्रीडाशिक्षक, मला दर भेटीत सुनावतात: "गुरुजी, पैशानं काय केलं ते बघा ना डोळे उघडून!" मी बघतो. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू, राकेश कुमार, 12 लाख 80 हजारांना गेला. 2023 मध्ये पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाख 50 हजारांची बोली लागली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मातीतल्या खेळाला कोटीची किंमत आली. (गंमत म्हणजे देशातल्या कबड्डीच्या शिखर संस्थेच्या नावात आजही 'अमॅच्युअर' हा शब्द आहे, म्हणजे हौशी!) पण त्या चकाकीची नक्कल गावात उतरली ती उलट्या पायांनी. पोस्टरवर बक्षिसाचा आकडा दरवर्षी फुगत गेला. आकडा फुगला तसे संघ बाहेरून खेळाडू आणू लागले. आधी नागपूरचे, मग आणखी लांबचे. एका रात्रीपुरते, रोख ठरवून. गेल्या हिवाळ्यात आमच्या जवळच्या एका गावात अंतिम सामना पाहिला. दोन्ही संघांच्या बनियनवर गावांची नावं मोठ्या अक्षरांत, आणि आत त्या गावांतला एकेकच पोरगा, तोही राखीव! गावची पोरं काय करत होती? मॅट झाडत होती आणि पाहुण्यांना पाण्याच्या बाटल्या देत होती. त्यातल्या एकाला, कॉलेजात शिकणाऱ्या, मी विचारलं, "तू का नाही रे खेळत?" म्हणाला, "आमचा नंबर नाई लागत आजोबा."

हे आम्ही झाडीपट्टीच्या नाटकातही पाहिलं आहे. पूर्वी मंडईचं नाटक गावची पोरं बसवायची, महिनाभर तालमी चालायच्या, स्त्री भूमिकेपुरती नटी बाहेरून यायची. आता वडसा-देसाईगंजच्या कंपन्या नाटक घेऊन येतात. कलावंतांची चूल त्यावर पेटते, ही फार चांगली गोष्ट आहे, तिला नावं ठेवणार नाही. पण गावचा पोरगा स्टेजवरून उतरला तो तिकीट काढून खुर्चीत जाऊन बसला, हेही खरं.

आणि हीच तर पुतण्याची काळजी आहे. तिकडच्या कॉलेजांना मिळालेली पैसे वाटायची मुभा आहे सगळ्या खेळांना, पण अनेक मोठ्या कॉलेजांनी आखलेल्या वाटणीत शंभरातले पंच्याहत्तरच्या आसपास फुटबॉलला, पंधरा पुरुषांच्या बास्केटबॉलला, आणि पोहणं, धावणं, कुस्ती या सगळ्यांनी उरलेल्या चुऱ्यात भागवायचं. कॅलिफोर्नियातल्याच कॅल पॉली या विद्यापीठानं मार्च 2025 मध्ये पोहण्याचा विभागच बंद केला आणि त्याच्या कारणांत या तडजोडीचाही उल्लेख केला. पुतण्याची लेक पोहते. तिचं तिकडे तेच झालं, जे आमच्या बाटल्या वाटणाऱ्या पोराचं इकडे झालं.

तरीही मी माझ्या स्नेह्यांना म्हणतो, निदान चुकीचं काढू नका! बक्षिसाचे पैसे आणि भत्त्याचे पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बक्षीस जिंकणाऱ्याला मिळतं, म्हणून जिंकणारा विकत आणावासा वाटतो. भत्ता खेळणाऱ्याला मिळतो, म्हणून खेळणारे वाढतात. भत्त्यासाठी कुणी हरियाणाहून खेळाडू आणत नाही.

केंद्र सरकारच्या 'खेलो इंडिया'त निवडलेल्या पोरांना 2018 पासून महिन्याला 10,000 रुपये हातखर्च मिळतो. फार चांगलं. पण तो देशभरातून निवडलेल्या थोड्यांना. निवडीच्या त्या उंबरठ्यापर्यंत जी शंभर पोरं चालत येतात, त्यांच्या चपलेचे पैसे कोण देणार? आमच्या नात्यातली एक मुलगी इकडच्या एका कॉलेजच्या खो-खो संघात आहे. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामने आले ते नेमके धानकापणीच्या दिवसांत. तिच्या संघातली सगळ्यात चांगली धावणारी मुलगी आलीच नाही. कापणीला रोजचे तीनशे रुपये मिळत होते आणि सामन्याला गेलं तर खिशातले पन्नास जात होते. प्रवासभत्ता मिळतो, पण मागाहून, बिलं लावल्यावर, कधीतरी. त्या पोरीला कुणी 'खेळ विकलास' म्हणणार आहे का? तिनं तर खेळ नुसता सोडला. आवाज न करता. खेळ असा संपतो, साडूसाहेब, वाचत असाल तर!

मग करायचं काय? मास्तर आहे, गृहपाठ दिल्याशिवाय वर्ग सोडत नाही.

एक. गावच्या स्पर्धेत पहिल्या बक्षिसाचा आकडा निम्मा करा. उरलेल्या निम्म्यात उतरणाऱ्या प्रत्येक संघातल्या प्रत्येक खेळाडूला जाण्यायेण्याचं भाडं, जेवण आणि एका दिवसाची मजुरी द्या. हरला तरी. प्रवेश फी बंद.

दोन. मैदानात सात असतात, त्यांतले निदान पाच त्याच गावचे किंवा तालुक्याचे असावेत. दोन पाहुणे बोलवा, त्यांना खुशाल पैसे द्या. त्यांच्याकडून आपली पोरं शिकतील.

तीन. मुलींचे सामने ठेवा आणि भत्ता सारखाच ठेवा. 'मुली येत नाहीत' ही सबब कापणीचा रोज देऊन बघितल्यावर सांगा.

चार. कॉलेजनं सरावाच्या दिवसांचा आहारभत्ता आधी द्यावा, बिलं नंतर मागावीत. आणि जो पोरगा कॉलेजच्या नावाचा बनियन घालतो, त्याच्या गुडघ्याचा विमा त्या कॉलेजनं काढावा.

यातलं काहीही कोटीत जात नाही. मी वही सांभाळलेली आहे. स्पीकरची एक भिंत कमी केली तर आमच्या गावचा पहिला नियम निभतो.

गेल्या महिन्यात हे सगळं मी समितीच्या बैठकीत मांडलं. अर्धा तास गोंधळ झाला. "बक्षीस कमी केलं तर मोठे संघ येणार नाहीत, मोठे संघ नाही आले तर पब्लिक येणार नाही," असं एकजण म्हणाला. मी म्हटलं, "बाबा रे, मैदानात स्वतःचा पोरगा असला तर बाप येतो, माय येते, आजी सुद्धा घोंगडी घेऊन येते." शेवटी प्रवेश फी बंद करायचं ठरलं. मजुरीचं पुढच्या बैठकीवर ढकललं. पाच गावचे आणि दोन पाहुणे, यावर मतदान झालं आणि मी एका मतानं हरलो. असो. पुढच्या वर्षी पुन्हा मांडीन, तोवर देवानं ठेवलं तर.

त्या मासोळीवाल्याचा नातू आता दहावीत आहे आणि रेड चांगली टाकतो, असं ऐकलं. यंदा तो दुसऱ्या गावाकडून पैसे घेऊन खेळला, तर मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार आहे. आणि आमच्याच गावाकडून पैसे घेऊन खेळला, तर आणखी जोरात.

ता.क. पुतण्यानं हे वाचून लगेच कळवलं, "काका, माझ्या मुलीच्या पोहण्याचं काय?" अरे, तेच तर लिहिलं आहे. तिच्या कॉलेजच्या समितीत तू जाऊन बस आणि वही माग!